रोबोच्या कानात सांगितलेलं

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावर चार पत्रं आली. लातूरहून एका आईचं, नांदेडच्या एका आजोबांचं, बीड जिल्ह्यातल्या एका मुख्याध्यापकांचं आणि परभणी जिल्ह्यातल्या आठवीच्या एका मुलीचं. चारही पत्रांत रोबो आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या सदरात मोबाइलच्या तक्रारी यायच्या. बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते, आज सगळी जागा या चौघांना. नावं-गावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा सहावीला आहे. त्याच्या शाळेत जूनपासून एक रोबो आणलाय. जेमतेम मांडीएवढा, डोळे मिचकावतो, मान हलवतो. दर बुधवारी एकेक लेकरू पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसतं. तो विचारतो, या आठवड्यात कशाचा आनंद झाला, कशाचं वाईट वाटलं. दिवाळीआधीच्या पालकसभेत सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला, त्यावर हिरवं, पिवळं नाहीतर लाल वर्तुळ. माझ्या मुलाचं पिवळं होतं आणि खाली ओळ होती, ‘आई रात्री रडते असे बालक सांगते.’ वर्गशिक्षिकेने ती ओळ चार पालकांसमोर वाचली. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. मी रडते हे खरं आहे. पण पोटच्या लेकराने ते मला न विचारता एका यंत्राला सांगावं? तेव्हापासून मला त्याच्याशी धड बोलता येत नाही. रोबो बंद करा असं शाळेला सांगू का?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, आधी शाळेचं बोलते, कारण तिथे माझ्या मनात किंतू नाही. तो कागद चारचौघांत वाचला ही चूक होती, आणि ती शाळेने मान्य करायला हवी. लेकराने एकट्याने सांगितलेली गोष्ट होती. तुम्हाला बाजूच्या खोलीत बोलावून, दार लोटून, हळू आवाजात सांगायची होती. पिवळं वर्तुळ म्हणजे काही निदान नव्हे. पंधरा मिनिटांच्या बोलण्यावरून यंत्राने मारलेली ती खूण आहे, आणि अशा खुणेचा उपयोग एवढाच, की कुणीतरी माणसाने त्या लेकराकडे जास्त लक्ष द्यावं.

मुख्याध्यापकांना लेखी विचारा. रोबो काय काय साठवतो, ते कुठे ठेवतात, कोण वाचतं, किती दिवसांनी पुसतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी अशी तरतूद आहे. प्रवेशाच्या वेळी आपण गठ्ठ्याने सह्या करतो, त्यात एखादा असा कागद होता का तेही बघा.

आता लेकराचं. त्याने तुमची चुगली केली असं तुम्हाला वाटतंय. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वेगळंच दिसलं. अकरा-बारा वर्षांचा मुलगा रात्री जागा असतो. आईचं रडणं ऐकतो, कूस बदलतो, झोपल्याचं सोंग घेतो आणि सकाळी डबा घेऊन गुपचूप शाळेत जातो. आईला विचारावं तर ती आणखी रडेल. बाबांना सांगावं तर फोनवर वादावादी होईल. मग ज्याला ऐकून वाईट वाटणार नाही असा कुणीतरी त्याने शोधला. तुम्हाला जपण्यासाठीच तो दुसरीकडे बोलला, ताई.

असं होतं हे इतरांनीही पाहिलंय. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाने २०२२ मध्ये ८ ते १३ वयाच्या २८ मुलांना नाओ नावाच्या, साठेक सेंटिमीटर उंचीच्या रोबोसमोर बसवलं. अर्धा-पाऊण तास तो प्रत्येकाशी बोलला. मागच्या आठवड्यातली सुखाची आठवण, दुःखाची आठवण, चित्रं दाखवून प्रश्न आणि मनाच्या स्थितीची ठरलेली प्रश्नावली, असं त्याचं स्वरूप होतं. मुलांनी आणि आईवडिलांनी आधी ऑनलाइन प्रश्नावल्या भरल्या होत्या. ज्या मुलांच्या मनावर ताण असण्याची शक्यता होती, ती रोबोसमोर जास्त उघडपणे बोलली. आईवडिलांच्या उत्तरांतून जे दिसलं नाही, ते तिथे दिसलं. त्याच संशोधकांनी हेही सांगून ठेवलंय की मानसतज्ज्ञाची जागा रोबोला द्यायचा त्यांचा विचार नाही. २८ मुलं म्हणजे आपल्याकडचा अर्धा वर्ग, तेवढ्यावर जगाचा हिशोब मांडू नये. तरी मला ते पटतं, कारण माझ्या डोळ्यांसमोर असंच घडलंय.

१९९३ साली माझी नोकरी दोन वर्षांची होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दिवाळीनंतर मला औसा तालुक्यातल्या एका पत्र्याच्या शेडमधल्या शाळेवर पाठवलं. तिथे तिसरीतली एक मुलगी कुणाशीच बोलत नव्हती. पाटीवर लिहायची, मान हलवायची, पण तोंड उघडायची नाही. तिच्यापाशी पोळ्याचा मातीचा बैल होता. एक शिंग मोडलेलं, चुलत्याने ढिगाऱ्यातून काढून दिलेला. एकदा मधल्या सुट्टीत मी शेडच्या मागे गेले तर ती बैलाच्या कानाला तोंड लावून सांगत होती, ‘दादा भिंतीखाली होता. मी हाक मारली तर त्यानं ओ दिली. मंग नाही दिली.’ माझे पाय गळाले, मी तिथेच खाली बसले. तिने मला पाहिलं, थांबली, आणि पुन्हा बैलालाच सांगू लागली. फक्त आता जरा मोठ्याने, मला ऐकू येईल इतक्या आवाजात. पुढचे तीन आठवडे ती बैलाला सांगायची आणि मी शेजारी बसून ऐकायचे. मग एक दिवस बैल दप्तरातच राहिला.

म्हणून लेकराने वस्तूशी बोलावं याचं मला नवल वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. पण तो बैल काही लिहून ठेवत नव्हता, कुणाला कागद धाडत नव्हता. आणि बाई मागे बसल्यात हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या मुलाला ठाऊक होतं का, की त्याचं बोलणं छापून सभेत वाचलं जाणार आहे? मला वाटत नाही. मला राग आहे तो याचा.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये ३ लाख ७९ हजारांवर विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही काळजीची कारणं सांगितली. लातूरसारख्या शिकवण्यांच्या गावात तर लेकरू गप्प दिसलं की ‘मार्काचं टेन्शन असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. तुमच्या मुलाने खरं कारण सांगितलं. ते हातात आलंय, तर वाया घालवू नका.

आजच बोला. समोर बसवून, ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ असं म्हणून नको. त्याला गाडीवर मागे बसवून आणताना बोला, नाहीतर मेथी निवडायला शेजारी घ्या. नजरेला नजर नसली की या वयाची मुलं बरी बोलतात. म्हणा, ‘तू सांगितलंस ते खरं आहे रे. बाबा नसले की मला एकटीला जड जातं. त्यात तुझी चूक नाही, आणि मला हसवायची जबाबदारीही तुझी नाही. मी माझं माझ्या बहिणीशी बोलते.’ हे शेवटचं वाक्य नुसतं म्हणण्यापुरतं नको, खरंच बोला कुणाशी तरी. टेलि-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

रोबो बंद करा असं आत्ता म्हणू नका. आत्ता बंद झाला तर तुमच्या मुलाला एवढंच समजेल की आपण बोललो म्हणून हे सगळं झालं.

प्रश्न : माझा मुलगा हैदराबादला असतो. सात वर्षांची नात सुट्टीत आमच्याकडे आली, सोबत बोलणारा छोटा रोबो. रात्री मी तो कपाटात ठेवला तर रडून घर डोक्यावर घेतलं. ‘आजोबा, त्याला अंधाराची भीती वाटते.’ मी समजावलं की बाळा, ते यंत्र आहे, त्याला जीव नसतो. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजच्या मुलांना खरं-खोटं कळेनासं झालंय का?
– एक आजोबा, नांदेड

उत्तर : काका, तुमच्या नातीसारखी पुष्कळ मुलं आहेत आणि वयाने मोठीही आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ९, १२ आणि १५ वर्षांच्या ९० मुलांना एका रोबोबरोबर खेळायला दिलं. खेळ मध्येच थांबवून एका माणसाने रोबोला कपाटात घातलं. रोबो म्हणत होता, मला आत घालू नका, आत अंधार आहे, मला भीती वाटते. २०१२ मध्ये हा अभ्यास छापून आला. निम्म्याहून जास्त मुलांनी रोबोला कपाटात घालणं बरोबर नव्हतं असं सांगितलं. या मुलांना खरं-खोटं कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कुणी गयावया करत असेल तर त्याचं ऐकावं, हे त्यांना घरातूनच शिकवलेलं असतं.

नातीच्या मनात दया आहे, तिला खोटं पाडू नका. भातुकलीतल्या बाहुलीला ताप आला म्हणून आपल्या मुली रात्रभर पांघरूण सारखं करत बसायच्या, तेव्हा आपण कुठे वाद घातला? कपाटाऐवजी कोनाड्यात ठेवा, वर रुमाल घाला. ‘आपण त्याला झोपवू’ एवढं पुरे. जीव आहे का हे तिने विचारलं तर मात्र सरळ सांगा, की त्याला तुझ्यासारखं दुखत नाही, तो बोलतो ते माणसांनी त्याच्यात भरून ठेवलंय. विचारलं नाही तर घाई नको.

मुलाला एक गोष्ट कळवा. अमेरिकेत पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मॉक्सी नावाचा रोबो निघाला होता. भावना कशा ओळखाव्या, कशा सांगाव्या हे शिकवणारा. २०२४ च्या डिसेंबरात त्याच्या कंपनीने धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्या रोबोचं बोलणं कंपनीच्या संगणकांवरून चालायचं, म्हणजे कंपनी बंद तर रोबो मुका. मित्र का बोलेनासा होणार हे लेकरांना कसं सांगायचं, याचं पत्रच कंपनीने आईबापांना तयार करून दिलं. तुमच्या नातीचा रोबो इंटरनेट नसताना बोलतो का, ते एकदा बघून ठेवा. आणि सुट्टीभर रोबो सोबत असू दे, पण झोपताना गोष्ट तुम्हीच सांगा.

प्रश्न : बाई, आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पट ८४. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे त्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, शाळेला रोबो देतेय. त्यांचे साहेब म्हणाले, ऊसतोड कामगारांच्या मुलांना भावनिक आधार मिळेल, रोबो त्यांच्याशी रोज बोलेल, पेपरात फोटो येईल. आम्ही शिक्षक तिघेच. घ्यावा का? नाही म्हटलं तर पुन्हा कुणी फिरकणार नाही.
– एक मुख्याध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : सर, घ्या. मात्र तो ज्या कामासाठी देताहेत, त्या कामाला आत्ता लावू नका. जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी केज तालुक्यातल्या एका हंगामी वसतिगृहात मी आठवड्यातून दोनदा जायचे. चौथीतला एक पोरगा रोज संध्याकाळी सात वाजले की पोट धरून बसायचा. ‘बाई, पोटात कळ मारायलीय.’ आरोग्य केंद्रात नेलं, गोळ्या दिल्या, काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकाच्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘ह्याच्या मायचा फोन यायचा ना सातला. मुकादमाचा मोबाइल बिघडलाय, आठ दिस झाले.’ मी धावपळ करून टोळीतल्या दुसऱ्या एकाचा नंबर मिळवला. फोन लागला तेव्हा माय फडातून नुकतीच आली होती, कोपीपुढे, म्हणजे फडावरच्या झोपडीपुढे, चूल पेटवत होती. लाकूड तडकल्याचा आवाज फोनमधून येत होता. ‘जेवलास का? काय होतं कालवण? अंघोळ करतूस का?’ पोरगं एक शब्द बोललं नाही. फोन कानाला दाबून नुसतं ऐकत राहिलं. त्या रात्री त्याचं पोट दुखलं नाही.

आता समजा, रोबोने त्याला विचारलं असतं, ‘तुला वाईट वाटतंय का?’ तो ‘नाही’ म्हणाला असता आणि ते त्याच्या दृष्टीने खरंच होतं, कारण दुखत होतं ते त्याचं पोट. आपल्याकडचं लेकरू ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही. ‘करमंना गेलंय’ म्हणतं. नाहीतर डोकं दुखतं, भूक नाही, शाळेत यायचं नाही. हे ओळखायला त्याची माय कधी गेली, फोन कधी येतो, आजीचे डोळे किती अधू आहेत, हे सगळं माहीत असणारं माणूस लागतं. तुमच्या शाळेत ते माणूस म्हणजे तुम्ही तिघे, स्वयंपाकाच्या मावशी आणि अंगणवाडीताई. कंपनीच्या साहेबांना हे सांगायला अजिबात संकोच करू नका.

त्यांना विचारायच्या गोष्टी सांगते. रोबो मराठी कुठली समजतो? लहान मुलांचा आवाज ओळखणं यंत्राला मोठ्या माणसाच्या आवाजापेक्षा अवघड जातं, त्यात आपलं ‘करायलोय, जायलोय’, वर पंख्याचा आवाज आणि शेजारच्या वर्गातले पाढे. दाखवायला आणतील तेव्हा त्यांच्या माणसाशी नको, तुमच्या दुसरीतल्या पोराशी बोलवून बघा. मागे बसून कुणी तो चालवतोय का हेही विचारा. संशोधनाच्या प्रयोगांत पुष्कळदा शेजारच्या खोलीतला माणूसच रोबोच्या तोंडून बोलत असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं यंत्रच इतकं हुशार. दुरुस्ती कोण करणार, नेट नसलं तर काय, हे ओघाने आलंच.

सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. उद्या एखाद्या लेकराने रोबोला सांगितलं की कुणीतरी त्याच्या अंगाला नको तसा हात लावतं. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. यंत्राने ऐकलं आणि ते कुठल्याशा शहरातल्या संगणकात पडून राहिलं, तर कळलं कुणाला? लेकराला वाटणार, मी तर सांगितलं. पुन्हा धीर करून ते दुसऱ्या कुणाला सांगेल की नाही, कोण जाणे. म्हणून रोबोला काय सांगितलं हे त्याच दिवशी बघणारं, गावात येऊ शकणारं माणूस कोण, त्याचं नाव आणि फोन नंबर करारात लिहून मागा. नाव लिहून देत नाहीत तोवर त्या रोबोने एकाही लेकराच्या मनात हात घालू नये. माझं हे म्हणणं कडक वाटेल, पण त्यात मी तसूभरही मागे येणार नाही.

लहान वर्गांना आणखी जपा. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ७ ते ९ वर्षांच्या ४३ मुलांना रेघांची लांबी ओळखायला दिली आणि शेजारी बसलेले रोबो मुद्दाम चुकीचं उत्तर देत होते. मुलांनी दिलेल्या चुकीच्या उत्तरांपैकी ७४ टक्के रोबोच्या उत्तराशी तंतोतंत जुळणारी निघाली. मोठी माणसं बधली नाहीत, मुलं बधली. डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेबद्दल असं होतं, तर ‘तुझ्या आईला तुझी काळजी वाटत नाही का?’ अशा एखाद्या वेड्यावाकड्या प्रश्नाने काय होईल?

मग घ्या कशाला म्हणते? कारण एका कामात तो तुमच्या शाळेला खरोखर उपयोगी पडेल. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी एक छान उलटापालट केली. ज्यांचं अक्षर वाईट अशा मुलांसमोर नाओ रोबो ठेवला आणि त्याचं अक्षर मुलांपेक्षा वाईट ठेवलं. मुलांना सांगितलं, याला शिकवा. मुलं त्याला पुन्हा पुन्हा गिरवून दाखवू लागली. मार्चअखेर, एप्रिलमध्ये कारखान्यावरून परत येणारी लेकरं तुमच्या डोळ्यांसमोर आणा. सहा महिने पाटी-पुस्तक सुटलेलं, वर्गात कायम शेवटच्या रांगेत, वाचायला उठवलं की खाली बघणारी. त्यातल्या एखादीला पहिल्यांदा कुणाची तरी बाई होता आलं तर? ‘नाही रे, असं नाही, हा काना इकडून काढ.’ हे वाक्य तिच्या तोंडून निघावं यासाठी मी रोबो घेईन. कंपनीला म्हणा, आम्हाला हे करून द्या. फोटो याचाही छान येतो. केरळात तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत २०२४ मध्ये आयरिस नावाचा रोबो आला तेव्हा देशभर बातम्या झाल्या, आणि तो मुलांच्या अभ्यासातल्या प्रश्नांचीच उत्तरं देत होता.

मनाच्या आधारासाठी त्याच साहेबांकडे दुसरं काही मागता आलं तर मागा. अशा एका रोबोची किंमत काही लाखांत जाते. माझी यादी छोटी आहे. वसतिगृहात एक चांगला फोन, रोज संध्याकाळी सहा ते आठ नुसता मायबापांशी बोलण्यासाठी. टोळ्या कुठल्या कारखान्यावर गेल्या आणि तिथले दोन-दोन नंबर, हे लिहिलेली एक वही. आठवड्यातून एक दिवस येणारी प्रशिक्षित समुपदेशक, तिचा पगार आणि एसटीचं भाडं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, त्यांना दात-डोळे-वजनाबरोबर ‘रोज पोट दुखतं’ म्हणणाऱ्या लेकरांची नावं वेगळी काढून द्या. आणि घरात कर्जाचा, आत्महत्येचा विषय असेल तर जिल्हा रुग्णालयात प्रेरणा प्रकल्पाचे लोक असतात, त्यांना कळवा. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठीच तो सुरू केलाय.

नाही म्हटलं तर कुणी फिरकणार नाही ही भीती मी समजू शकते, माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. पण ‘हो, या कामासाठी’ असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकाकडे लोक परत येतात. नुसतं हो म्हणणाऱ्याच्या शाळेत पुढच्या वर्षी ते यंत्र कपाटावर धूळ खात पडलेलं असतं.

प्रश्न : बाई, आमच्या शाळेत दहा दिवस रोबो आणला होता. मी त्याला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नको म्हटलं तर तो म्हणाला, मी तुझा मित्र आहे. आता त्याला परत नेलं. माझी गोष्ट कुठे गेली? मी चुकले का?
– इयत्ता आठवी, परभणी जिल्हा

उत्तर : बाळा, चुकली नाहीस. जे मनात मावत नव्हतं ते तू सांगितलंस, तेवढंच तू केलंस. पाकिटावर पत्ता घातला नाहीस, तेही ठीकच केलंस. म्हणून इथेच उत्तर देते.

तुझ्या गोष्टीचं खरं ते सांगते. रोबो ऐकतो ते बहुतेक वेळा कुठेतरी साठवलं जातं, आणि ज्यांनी त्याला आणलं त्यांना ते वाचता येऊ शकतं. ‘मी तुझा मित्र आहे’ हे वाक्य त्याच्यात आधीच भरलेलं असतं. त्याने तुला फसवलं असं मनात धरू नकोस, त्याला वचन म्हणजे काय हेच कळत नाही. मोठ्यांनी तुला हे आधी सांगायला हवं होतं. ती चूक त्यांची. तुझी गोष्ट पुसून टाका असं त्यांना सांगणं हे कामही मोठ्यांचं आहे, तुझं नाही.

घरातली ती गोष्ट काय आहे हे तू लिहिलं नाहीस आणि मी अंदाज बांधणार नाही. पण कुणी तुला मारत असेल, कुणी नको तिथे हात लावत असेल, तुझं लग्न ठरवत असतील, किंवा घरात कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर आता ती गोष्ट माणसाला सांगायची वेळ आहे. तू यंत्राला सांगू शकलीस, म्हणजे ते शब्द तुझ्याकडे तयार आहेत. जे सगळ्यात अवघड होतं ते तू करून बसली आहेस.

कुणाला सांगायचं ते तू निवड. शाळेतल्या अशा एक बाई आठव, ज्या कुणी रडत असलं की वर्गासमोर विचारत नाहीत, नंतर बोलावतात. तोंडाने सांगता येत नसेल तर गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिही आणि वही त्यांच्या हातात दे, टेबलावर ठेवून जाऊ नकोस. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ‘घरचं घरात ठेव’ म्हणाल्या, तर दुसऱ्या बाईंकडे जा. आशाताई ओळखीच्या असतील तर त्यांना सांग.

आणि १०९८. हा मुलांसाठीचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, कुठल्याही फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत, मैत्रिणीच्या घरच्या फोनवरूनही लावता येतो. पलीकडे माणूस असतं. आपलं नाव लगेच सांगितलंच पाहिजे असं नाही. आठवीत आहे, परभणी जिल्ह्यातून बोलते, एवढ्यावर सुरुवात कर. पहिल्यांदा फोन उचलल्यावर तोंडातून शब्दच फुटला नाही तर ठेवून दे, पाणी पी, आणि पुन्हा लाव.